हार घातलेले गिअर

समुद्रापासून इतक्या दूर, सोलापुरात, बोटींची इंजिने दुरुस्त करणारा माणूस मला एकदाच भेटला. त्याचे नाव विचारायचे राहून गेले. त्याच्या शेडच्या भिंतीवर तुटलेले गिअर खिळ्यांना टांगले होते आणि प्रत्येकाला झेंडूचा हार होता.

"हे समदे स्वर्गवासी," हात पुसत तो म्हणाला. "मालकांनी मोठं इंजिन घेतलं आन् मागचा, पंखा फिरवणारा ड्राइव्ह कंपनीचा हाय तोच ठिवला. फोटो इंजिनासंगं काढत्यात, भार ह्यो उचलतोय."

माझा थोरला भाऊ उजनीच्या पाण्यावर पर्यटकांची बोट चालवायचा. वारण्याआधी त्याने दुप्पट ताकदीचे इंजिन आणून ठेवले होते. तेच टेम्पोत घालून मी आलो होतो. बोट आता वहिनी चालवणार होती.

"जुन्याच ड्राइव्हला जोडून द्या. त्याची शेवटची इच्छा होती," मी म्हणालो.

त्याने माझी पुस्तकांची पिशवी निरखली. "सर, लई शिकलाय की तुमी! मेलेल्याची इच्छा गिअरला कळत न्हाय. मधल्या पाण्यात दात तुटले, तर वहिनींनी काय पुस्तकानं वल्हवायचं?"

त्याने भिंतीवरचा एक हार काढला आणि भावाच्या कोऱ्या इंजिनाला घातला.

"झालं ह्याचं बी दिवसकार्य. इका आता."

मी ते विकले. वहिनी जुन्याच इंजिनावर फेऱ्या मारते. बोट फार हळू जाते, अशी पर्यटकांची तक्रार असते. ती तक्रार ते काठावर उतरून करतात.