सवड असलेलं काम

ऑफिसात त्याला सगळे तारीखवाला म्हणत. इमारतीचं कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, हे तो सॉफ्टवेअरमध्ये मांडून द्यायचा. स्क्रीनभर आडव्या पट्ट्या, एका कामाची एक. एक रखडली की तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढे सरकायच्या, आणि शेवटची तारीख हुकणार असली की लाल व्हायच्या. लाल दिसलं की साहेबांच्या अंगाचा तिळपापड. ज्या पट्टीवर काहीच अवलंबून नसेल, तिला ऑफिसात 'सवड असलेलं काम' म्हणत. ती खुशाल ढकलावी, कोणाचं काही अडत नाही.

आईला विसर पडू लागला होता. ती अक्काकडे, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीकडे असायची. "अजून तुझं नाव घेते रे," अक्का फोनवर म्हणाली. "ओळखतेय तोवर येऊन जा."

त्याने रजा मागितली. "टाक की पट्टी," साहेब म्हणाले. "नाही कोण म्हणतंय?"

त्याने 'आईकडे जाणे' अशी पट्टी टाकली. तिच्यावर काहीच अवलंबून नव्हतं. स्लॅब रखडला, साहेबांनी ती पुढे सारली. लिफ्ट वेळेवर आली नाही, तेव्हा तर त्यानेच सारली, कोणी न सांगता. हाताला सवय, दुसरं काय! पट्टी काही लाल होईना, म्हणून त्यालाही वाटायचं, आहे अजून वेळ. शिवाय तो इतका दमलेला असायचा, की प्रवास टळला म्हणून जरा बरंही वाटायचं.

"येतोस ना?" अक्का विचारायची.

"येतो गं. एवढं उरकू दे."

"तुझं एवढं कधी उरकलंय?"

इमारत ठरल्या तारखेला उभी राहिली. साहेबांनी पाठ थोपटली. त्याच दिवशी तो गाडीत बसला.

आई खिडकीपाशी बसली होती. "आई, मी आलोय," तो म्हणाला.

तिने नीट पाहिलं. मग गडबडीने शेजारची खुर्ची पुढे केली. "बसा ना. अगं, पाहुण्यांना पाणी दे. तुम्ही कोणाकडे आलात?"

जन्मभर जिने अरे-तुरे केलं, चिडली की कार्ट्या म्हटलं, तिने त्याला 'तुम्ही' म्हणावं!

"आई, एकदा कार्ट्या म्हण ना," तो म्हणाला.

ती संकोचली. "छे हो, असं कसं म्हणू तुम्हाला?"