परवानगी कोणाची
बहात्तरच्या दुष्काळात श्रीरामपूरच्या स्टँडजवळची माझी रसवंती कशीबशी चालत होती, हवालदाराचा हप्ता मात्र चुकत नव्हता. शेवटी मी नगरला जाऊन लाचलुचपत खात्यात तक्रार केली. तिथल्या साहेबांनी सापळ्यासाठी मॅजिस्ट्रेटची लेखी परवानगी आणली, नोटांना पावडर लावली आणि मला म्हणाले, "बाई, तो आला की जरा हात जोडा, गयावया करा."

"मी त्याच्यापुढं कधी गयावया केली न्हाई," मी म्हणाले. "आज केली तर त्याला लगीच संशय येईल."

मग नेहमीसारखं तोंड सोडतच मी पैसे दिले आणि त्यानं नेहमीसारखे खिशात घातले. साहेबांनी पंचांसमोर त्याची बोटं माझ्याच रसाच्या ग्लासात कालवलेल्या सोड्याच्या पाण्यात बुडवली. नोटांवरची पावडर बोटांना लागलेली, पाणी गुलाबी झालं.

खटल्यात त्याचा वकील माझ्यावर घसरला. "तुम्ही नाटक करून माझ्या अशिलाला फसवलंत," म्हणाला.

मी म्हणाले, "वकीलसाहेब, माझ्या एका दिवसाच्या नाटकाला कोर्टाची परवानगी हुती. ह्यो दर महिन्याला खाकी घालून माझ्या गल्ल्यात हात घालायचा, त्याला कोणाची हुती?"