तळहातावरचा ठिपका

परवा मटार सोलता सोलता माझ्या लेकीने, मुक्ताने, माझा उजवा तळहात धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवला. अंगठ्याच्या खाली तिथे एक निळसर काळा ठिपका आहे. तिसरीत बाकावरच्या ओढाताणीत पेन्सिलीचं टोक घुसून आत मोडलं होतं. "जिरेल आपोआप," आई म्हणाली होती. पन्नास वर्षं झाली, काही जिरलेलं नाही.

मुक्ता प्रयोगशाळेत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर काम करते. पेन्सिलीतलाच कार्बन, फक्त गुंडाळलेला. त्यात औषध भरून ते थेट कर्करोगाच्या गाठीपर्यंत न्यायचं, असा सगळा खटाटोप. भेटेल तो तिला विचारतो, औषध कधी येणार? हिला मात्र वेगळाच घोर. औषध पोचवल्यावर त्या नळ्या शरीराबाहेर पडतात, की फुप्फुसात, यकृतात ठाण मांडून बसतात?

"माझा ठिपका बघ की," मी म्हणालो. "इतकी वर्षं गुपचूप बसलाय."

"एका ठिपक्यावरून काही ठरत नाही, बाबा. आणि त्या नळ्यांपुढे हा डोंगर आहे."

तिच्या या संशयी स्वभावाचा मला पूर्वी राग यायचा. आता वाटतं, कधी न भेटलेल्या माणसांच्या यकृताची काळजी वाहणाऱ्या पोरीला संशयी कसं म्हणावं?

तिने अंगठ्याने ठिपका हलकेच दाबला. चार वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून दाबायची तसाच. आणि तेव्हा विचारायची तेच विचारलं.

"दुखतं का?"