मॅग्नेटोमागचं सील

देवासला उज्जैन रोडवर सुमंगला मोहिते यांचं गॅरेज आहे. पन्नाशीची बाई, केस घट्ट बांधलेले, साडीवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट. दोन-स्ट्रोक इंजिन अडलं की इंदूरचे मेकॅनिकसुद्धा गाडी तिच्याकडे पाठवतात. हे काम ती वडिलांकडून, तुकारामांकडून शिकली. तुकाराम चाळीस वर्षं भैयासाहेबांच्या बंगल्यावर ड्रायव्हर होते. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत सुमंगला वाढली. भैयासाहेबांसमोर खुर्चीवर बसायचं नाही आणि ते काहीही बोलले तरी ‘जी’ म्हणायचं, हे तिला अक्षरओळखीच्या आधीपासून येत होतं.

तेल, ग्रीस, काजळी यांची तिला घाण वाटत नसे. ती नखांत कायमचीच होती. तिला शिसारी यायची ती ट्यूबमधून पिळून लावायच्या लाल लेपाची. जिथे दोन भागांच्या जोडात नवं गास्केट घालायला हवं, धातूची कड घासून सपाट करायला हवी, तिथे लोक तो लेप बोटाने फासतात आणि गाडी देऊन टाकतात. तसला लेप ब्लेडने खरवडताना तिचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणाचं उष्टं उचलतेय.

गेल्या वर्षी मार्चमधे, शनिवारी सकाळी, भैयासाहेबांचा पिकअप दारात उभा राहिला. मागे एक नंबर नसलेली परदेशी डर्ट बाइक बांधली होती. भैयासाहेब आता सत्तरीचे, पण कडक इस्त्रीचे. फार्महाऊसवर येणाऱ्या पाहुण्यांना माळावर उंडारता यावं म्हणून त्यांनी ही गाडी घेतली होती.

“सुमंगले, सोमवारी धारची पार्टी येतेय हिला बघायला. आवाज जरा ठीक कर.”

तिने किक मारली. इंजिन लगेच सुरू झालं. तिने ॲक्सिलरेटर पिळला आणि सोडला, तरी आवाज खाली येईना. तो तसाच वर लटकून राहिला आणि मग आपला आपणच चढायला लागला. तिने घाईने बंद केलं आणि प्लग काढून पाहिला. तो चुन्यासारखा पांढरा होता.

“भैयासाहेब, ही कुठून तरी फालतू हवा ओढतेय. दोन-स्ट्रोकमधे पेट्रोल आणि ऑइल त्याच हवेबरोबर आत जातं. भलत्या वाटेने हवा शिरली की दोन्ही कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. झाला होता का?”

“दोनदा. नवा टाकला.”

“पळत्या गाडीत जाम झाला तर मागचं चाक अडकतं. माणूस फेकला जातो.”

“मला सांगतेस? एका पाहुण्याच्या खांद्याचं हाड गेलं त्यात. म्हणून तर विकायला काढतोय.”

ते हे अगदी सहज बोलले. तोंडात पान होतं.

“इंजिन खोलत बसू नकोस. कार्बोरेटरमधे मोठा जेट टाक म्हणजे पेट्रोल जास्त जाईल, आवाज बसेल. अर्धा तास नीट चालली म्हणजे झालं. तुकाराम असता तर हे सांगावंही लागलं नसतं.”

एवढं बोलून त्यांनी कार्बोरेटर पुसायचं तिचं स्वच्छ फडकं उचललं, त्याला चुन्याची बोटं पुसली आणि ते बाकावर टाकलं.

“जी,” सुमंगला म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला ऐकू आला.

दुपारी तिने मोठा जेट घातला. इंजिन गोड चालायला लागलं. मागच्या नळावर जाऊन तिने दोनदा चूळ भरली. डबा उघडला तर भाजीचा वास सहन होईना. फडकं तिने कचऱ्यात टाकलं. उद्या फोन करून नाही म्हणू, असं तिने ठरवलं. रविवारी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. आपल्याच हाताची तिला किळस आली.

सोमवारी अकराला धारहून मायलेकी आल्या. आई विद्युल्लता किरकिरे शाळेत विज्ञान शिकवायची. मुलगी उर्वी एकोणीस वर्षांची. मांडूच्या घाटाखाली आणि अमझेऱ्याकडच्या माळावर पोरं शर्यती लावायची, त्यांत ती उतरायची. भैयासाहेबांनी गॅरेजमधली एकुलती खुर्ची घेतली. सुमंगलाने किक मारून गाडी उर्वीच्या हातात दिली.

मागच्या मोकळ्या प्लॉटवर उर्वी पाच मिनिटं फिरून आली. हेल्मेट काढलं तेव्हा ती हसत होती. “मम्मी, एकदम मक्खन!”

पण ती उतरली नाही. तिने ॲक्सिलरेटर पिळून सोडला, कान दिला, पुन्हा पिळून सोडला.

“मावशी, गरम झाल्यावर आवाज खाली यायला टाइम लागतोय ना?”

“रेसची गाडी आहे बेटा,” भैयासाहेब म्हणाले. “अशीच असते.”

उर्वीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सुमंगलाकडे बघत होती.

“बंद कर,” सुमंगला म्हणाली. “थंड होऊ दे. दाखवते.”

“सुमंगले!” भैयासाहेबांचा आवाज चढला.

“जी,” ती सवयीने म्हणाली आणि पाने-स्क्रूड्रायव्हर आणायला आत गेली.

इंजिन निवल्यावर तिने कार्बोरेटर आणि सायलेन्सर उतरवले. एका तोंडात रबराचं बूच ठोकलं, दुसऱ्यात नळी असलेलं बूच. नळीला तिने ब्लडप्रेशर मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडला होता. प्लग परत बसवून ती फुगा दाबायला लागली. काटा तीनशेवर चढला. तिने हात थांबवला.

“इंजिन घट्ट असेल तर हा पाच-सहा मिनिटं हलत नाही,” ती म्हणाली.

दहा आकडे मोजून होईपर्यंत काटा शून्यावर आला होता.

विद्युल्लता पुढे सरकली. सुमंगला पुन्हा हवा भरत ब्रशने साबणाचं पाणी लावत गेली. हेडच्या कडेला काही नाही. सिलिंडरच्या बुडाशी काही नाही. कार्बोरेटरच्या रबराला काही नाही. मग तिने डावीकडचं, ठिणगीची वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोचं कव्हर उघडलं, पुलर लावून त्याचं चाक ओढून काढलं, आणि तिथेच थांबली.

शाफ्टभोवती तोच लाल लेप होता. बोटांनी थापलेला, बोटांचे ठसे अजून उमटलेले, त्यात धूळ आणि केस चिकटलेले. करपलेल्या रबराचा वास येत होता. तिने लेप खरवडला. खाली शाफ्टभोवतीची फट बंद करणारं रबरी ऑइल सील स्क्रूड्रायव्हरने ठोकून तिरकं बसवलं होतं आणि त्याची ओठासारखी कड आत दुमडली होती. हवा भरून साबणाचा ब्रश फिरवताच तिथे बेडकाच्या गळ्यासारखा फुगा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

“इथून,” ती म्हणाली.

उर्वी वाकून बघत होती. “आणि बाहेरून तर काहीच दिसलं नसतं.”

“नाही. दुसऱ्या बाजूचं सील गेलं असतं तर गिअरचं ऑइल जळून धूर तरी दिसला असता. इकडे नुसती हवा.”

विद्युल्लताने चष्मा सारखा केला. “हे तुम्हाला आत्ता कळलं?”

खोटं बोलायला जागा होती. सुमंगलाने ब्रश खाली ठेवला.

“जागा आत्ता कळली. हवा ओढतेय हे शनिवारीच कळलं होतं. मोठा जेट घालून मीच लपवलं.”

“आणि तरी मघाशी माझ्या मुलीला हिच्यावर बसवलंत?”

“हो. बसवलं.”

चपलेला काही लागल्यावर माणूस खाली बघतो तसं विद्युल्लताने तिच्याकडे पाहिलं. भैयासाहेबांकडे तिने असं पाहिलं नाही. त्यांच्याकडून तिने काही अपेक्षाच केली नसावी. “चल उर्वी,” ती म्हणाली आणि दोघी गेल्या.

भैयासाहेब खुर्चीतून उठले नाहीत. “तुझा बाप असा नव्हता.”

“नव्हते,” सुमंगला म्हणाली. वडिलांनी ‘जी’ म्हणून काय काय झाकलं असेल, हे तिच्या मनात पहिल्यांदाच आलं.

“बंद कर ते आणि गाडीत टाक.”

“नवं सील बसवल्याशिवाय मी कव्हर लावणार नाही. मागवते, आठ दिवसांत येईल.”

“बंद कर म्हणतो ना मी!”

“नाही, भैयासाहेब.”

त्यांच्या माणसांनी उघडी गाडी पिकअपमधे चढवली. मॅग्नेटोचं चाक आणि कव्हर पोत्यात भरलं. त्याआधी सुमंगलाने मोठा जेट काढून जुना बसवला होता, म्हणजे दोष आवाजात पुन्हा ऐकू येईल.

बंगल्याच्या गाड्या तिच्याकडे यायच्या बंद झाल्या. नात्यातल्या एका लग्नात म्हाताऱ्या चुलत्यांनी तिला सर्वांदेखत ऐकवलं, की ज्या घरच्या अन्नावर वाढलीस त्या घराची अब्रू तू परक्यांसमोर काढलीस. तिने पंगतीतून उठून हात धुतले. बाइक पुढे रतलामकडे कुणाला तरी विकली, एवढं तिच्या कानावर आलं. सील बदललं होतं की नाही, हे विचारायला तिने बंगल्यावरच्या ड्रायव्हरला तीनदा फोन केला. त्याने उचलला नाही. कुणीतरी त्या गाडीवर बसलेलं आहे आणि तो लेप आत पुन्हा थापलेला आहे, हा विचार तिला जेवताना यायचा.

मेच्या अखेरीस टेम्पोत एक दुसरी, दहा वर्षं जुनी, दोन-स्ट्रोक डर्ट बाइक घेऊन उर्वी आली. “मावशी, घ्यायच्या आधी तो काटा लावून बघा ना.”

विद्युल्लता बाहेर टेम्पोशी उभी होती. सुमंगला पाण्याचा ग्लास घेऊन गेली.

“पाणी नको,” विद्युल्लता म्हणाली. “यायला मी तयार नव्हते, ही ऐकेना. काय असेल ते आधी सांगा, एवढंच.”

सुमंगलाने बुचं लावली, हवा भरली. काटा हळू, पण उतरत होता. साबण लावल्यावर कार्बोरेटरच्या रबराला बारीक फुगे आले.

“रबर तडकलंय. ते बदलल्याशिवाय चालवायची नाही.”

विद्युल्लता कधी आत येऊन उभी राहिली ते कळलं नाही. ती वाकली, फुगे पाहिले, मग बोट दाखवून म्हणाली, “मॅग्नेटोकडचं कव्हर उघडा. तिथेही लावा. आणि दुसऱ्या बाजूलाही.”

सुमंगलाने पाना घेतला आणि कव्हरचा पहिला बोल्ट सैल केला.