समस्त गावकर एकाच रक्ताचे

चहा घ्या आधी, मग सांगतो. ऐकताना तुम्ही हसणार आहात, आणि आमच्या घरचे कप काठोकाठ भरलेले असतात.

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं पुष्कळ असतात हो. पण मी तो धोंडा आधी अभ्यास करून शोधला, मंडळाच्या सभेत एकमताने मंजूर करून घेतला, आणि मग भर हॉलमध्ये माईकवरून पाडला. असा माणूस मुलुंडमध्ये तरी दुसरा नसेल.

तर, मी सुहास गावकर. अंधेरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. वय सांगत नाही, पण तेव्हा आई ते येईल-जाईल त्याला सांगत सुटली होती. आमच्या लायब्ररीत अधूनमधून डॉ. मृणाल गावकर यायची. बोरिवलीची. मढच्या खाजणातल्या खेकड्यांवर तिचं संशोधन. चपलांना वाळलेला चिखल, केसांत खोचलेली पेन्सिल, आणि पुस्तक उशिरा परत करताना अशी हसायची की दंड घ्यायचं मला सुचायचंच नाही.

वर्षभरात मी तिच्याशी काय बोललो असेन? "परत करायची तारीख मागे लिहिलीय." बस. हा आमचा प्रेमसंवाद.

एके दिवशी म्हटलं, बोलता येत नाही तर निदान तिचं संशोधन तरी वाचू. कंप्युटरवर शोधायला बसलो. पण शेजारच्या टेबलावर आमच्या सहायक ग्रंथपाल बाई, आणि त्यांची नजर अशी की बंद पाकिटातलं वाचतील. त्यांच्यादेखत पूर्ण नाव कसं टाकणार? मी नुसतं आडनाव टाकलं. गावकर.

आणि अहो, पडद्यावर जत्राच भरली की गावकरांची! एक गावकर पुलाच्या काँक्रीटला भेगा का पडतात ते शोधतायत. एक गावकरबाई म्हाताऱ्या माणसांच्या दातांमधल्या फटी मोजतायत. तिसरे वकील, ते भाडेकायद्यातल्या पळवाटांमागे लागलेले. चौथे देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरातून वायू कुठून झिरपतो ते बघत गोवंडीत फिरतायत. पाचव्या गावकरबाईंनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, आणि ओवी म्हणताना बायका मध्येच गप्प का होतात यावर डॉक्टरेट मिळवली होती. आणि या सगळ्यांत आमची मृणाल, खेकड्यांच्या बिळांत हात घालून बसलेली.

समजलं काहीच नाही, पण संध्याकाळपर्यंत सगळं वाचलं. घरी येताना डोक्यात एक झकास कल्पना आली. माझ्या डोक्यात कल्पना आली की आई देवापुढे दिवा लावते, ते उगाच नाही.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. आमच्या गावच्या गावकर कुटुंबांचं मुलुंडला एक मंडळ आहे, गिरणीत कामाला आलेल्या आजोबांच्या पिढीने काढलेलं. दिवाळी झाली की स्नेहसंमेलन. दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार, बायकांच्या फुगड्या, मग वडे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ. चिटणीस कोण? मीच. कारण दुसरं कुणी तयार होत नाही.

मी ठरवलं, यंदा संशोधक गावकरांचा सत्कार करायचा. म्हणजे मृणाल येणार, तिचे आईवडील येणार. आई तिला बघणार. आणि स्टेजवर मी तिच्या हातात श्रीफळ देणार, दोघं शेजारी शेजारी, समोर फोटोग्राफर. पुढचं चित्र मी त्या आठवड्यात इतक्या वेळा रंगवलं की रंग संपले असतील.

आईला सांगितलं, तर तिने पहिला प्रश्न केला, "गावकर? म्हणजे आपल्यातलीच की रे?"

मी तिला समजावलं की ते वेंगुर्ल्याकडचे, आपण मालवणकडचे. त्यांचं देवक उंबर, आपलं कळंब. आणि देवक वेगळं असलं की लग्न जमतं, आडनाव एक असलं तरी, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आई म्हणाली, मग हरकत नाही, मी हिरवी साडी नेसून येते. ही चौकशी मी आधीच करून ठेवली होती. म्हणजे हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं, एवढं फक्त ध्यानात ठेवा.

मग कमिटीची सभा. अध्यक्ष आमचे भाईकाका. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, ऐंशी उलटलेत, पण आवाज अजून साच्यांच्या खडखडाटाच्या वर जाणारा. त्यांनी माझी योजना ऐकली आणि विचारलं, "हे खंयचे गावकर? आपल्या गावचे?"

नव्हतेच. आणि मंडळाचा नियम होता, सत्कार फक्त आपल्या कुळातल्या माणसांचा. भाईकाका म्हणाले, "गावकर काय, दर गावात असतत. सगळ्यांका नारळ वाटूक लागलंव तर झाडार एक रवाचो नाय." झालं. मृणाल गेली, श्रीफळ गेलं, फोटो गेला.

इथे मी गप्प बसलो असतो तर? आज तुम्हाला चहा तिने दिला असता. पण मी उठलो आणि बोलायला लागलो.

म्हटलं, भाईकाका, गावं वेगळी असतील, रक्त एकच आहे, आणि याचा पुरावा त्यांच्या संशोधनातच आहे. बघा, एक गावकर काँक्रीटच्या भेगेत बघतो, एक दातांच्या फटीत. एक कायद्यातल्या पळवाटेत, एक कचऱ्यातल्या छिद्रात, एक ओवीतल्या गप्प जागेत, आणि एक तर थेट खेकड्याच्या बिळात. विषय सहा, पण खोड एकच! जिथे भेग दिसेल तिथे गावकर डोकावणार. ही खोड आपल्यात नाही का? शेजाऱ्याचं दार किलकिलं झालं की आपण काय करतो? मग हे परके कसे? हे आपले भाऊ, या आपल्या बहिणी. एकाच मूळपुरुषाची लेकरं!

भाईकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं हो, खरंच. म्हणाले, "म्हणजे आमचो आजो लोकांच्या घरात डोकवायचो, ता संशोधनच होता तर."

ठराव पास झाला. समस्त गावकर एकाच रक्ताचे. सूचक भाईकाका, आणि अनुमोदक म्हणून सही कुणाची? माझी. हसत हसत केलेली.

संमेलनाचा दिवस उजाडला. भाऊबीज होऊन दोनच दिवस झालेले. सहाच्या सहा संशोधक आले, आणि काय माणसं होती! काँक्रीटवाले आल्या आल्या हॉलच्या तुळईखाली मान वर करून उभे राहिले, ते जेवायला बोलावलं तरी हलेनात. दातवाल्या बाई भाईकाकांशी बोलत होत्या, पण डोळ्यांत डोळे घालून नव्हे, थोडं खाली बघून. ओवीवाल्या बाईंनी आमच्या आत्याला गायला लावलं, आणि आत्या मध्येच विसरून थांबली तर त्यांना कोण आनंद झाला. हॉलमध्ये अशी मजा मंडळाच्या इतिहासात कधी आली नव्हती.

आणि मृणाल आली. निळी साडी, चपला स्वच्छ. मला बघून म्हणाली, "तुम्ही माझे सगळे पेपर वाचलेत? माझ्या गाईडनेही वाचले नाहीत." मी काही बोलायच्या आत तिचे वडील, नाना, पुढे झाले. रिटायर्ड माणूस, सडसडीत, चौकस. नोकरी कायमची आहे का, घर स्वतःचं का, सुरमई आवडते का पापलेट, सगळं विचारलं. का विचारत होते? तेव्हा अंदाज होता. आता खात्री आहे.

सत्कार सुरू झाले. मी दोन वाक्यं बोलून नावं वाचणार होतो. तेवढ्यात भाईकाकांनी माईक माझ्या तोंडाशी धरला. "सुहास, सभेत बोललंस तसांच बोल. सगळ्यांका कळूंदे."

काय करणार? जपून सुरुवात केली. पण पहिल्याच वाक्याला हॉल हसला. आणि समोरून हशा आला की माझा ब्रेक फेल होतो, काय करू? भेगा, फटी, पळवाटा, सगळं रंगवून सांगितलं. वकील गावकर टाळ्या वाजवत होते. मृणाल तर हसून हसून डोळे पुसत होती, आणि तिला हसवायला मिळतंय म्हणून मी आणखी चढलो. भाऊ काय, बहीण काय, मूळपुरुष काय, एकेकाला दोनदोनदा घोळवलं.

मग माझं लक्ष पहिल्या रांगेत गेलं. हिरव्या साडीतली माझी आई पदर तोंडावर धरून मान हलवत होती. नाही, नाही, नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घाईघाईने म्हटलं, "अर्थात, देवकं वेगळी असू शकतात बरं का."

"काय येगळा नाय!" भाईकाका गरजले. "ठराव झालो हा!" हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला.

आणि भाईकाकांना तर आता रंगच चढला होता. परवाच भाऊबीज झाली, म्हणाले, ज्या लेकीला भाऊ नाही तिने आज आपल्या भावाला ओवाळावं. मृणाल एकुलती एक. कुणीतरी तिच्या हातात तबक दिलं. ती तबक घेऊन माझ्यासमोर आली आणि थांबली. नुसती बघत राहिली माझ्याकडे. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबली होती, हे आता कळतं.

तीनशे माणसं समोर, खांद्यावर भाईकाकांचा हात, तोंडाशी माईक. मी म्हटलं, "ये, ताई."

माईकवरून म्हटलं हो! स्वतःच्या तोंडाने. तिने एकदा खाली बघितलं, मग छान हसली आणि ओवाळलं. फोटोही आला. दोघं शेजारी शेजारी, माझ्या कपाळाला नाम.

घरी परतल्यावर जिन्यात आई म्हणाली, "तू जन्मलास तेव्हा डोकं आधी बाहेर आलं होतं. सुईण म्हणाली, मुलगा हुशार होणार." मला फार वाईट वाटलं त्या सुईणीबद्दल.

तरी मी आशा सोडली नव्हती. म्हटलं, नानांना एकदा नीट भेटून समजावू. पण धीर करता करता काही महिने गेले, आणि एक दिवस नानांचाच फोन आला की महत्त्वाचं बोलायचंय, रविवारी येतो. मी इस्त्रीचा शर्ट घातला, आईने शिरा केला. नाना आले, पेढ्यांचा बॉक्स ठेवला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले की मृणालचं लग्न ठरलंय. नवऱ्याचा कान पिळायला मुलीचा भाऊ लागतो, तो मान तुझा. शिरा घशात अडकला माझ्या. आईने पाणी दिलं, जरा जोरातच.

गेलो लग्नाला. जाणं भागच होतं. बोरिवलीच्या कार्यालयाच्या दारात फुलांनी नावं लिहिलेली: गावकर आणि गावकर. मला वाटलं, डेकोरेशनवाल्याने चुकून एकच पाटी दोनदा लावली. नानांना बाजूला घेतलं.

"नाना, मुलाचं आडनाव?"

"गावकरच. कणकवलीकडचे. देवक वेगळं आहे ना, मग काय अडचण?" नाना म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच पुढे बोलले, "खरं सांगू सुहास? आधी तुझंच नाव होतं. मृणालनेच सुचवलेलं. त्या दिवशी तुझ्या आईशी बोलायचं ठरवूनच आलो होतो आम्ही. पण तू इतका अभ्यास करून, पुराव्यानिशी, सगळ्यांसमोर सांगितलंस की आपलं रक्त एक. मग आम्ही कुठल्या तोंडाने विचारणार?"

तेवढ्यात भटजींनी हाक मारली. मुलीचा भाऊ कुठाय? गेलो. मृणालच्या ओंजळीत लाह्या घातल्या. ती इतकी आनंदात होती की मलाही, आईशप्पथ, क्षणभर आनंदच झाला. मग नवऱ्यामुलाचा कान धरला. माणूस चांगला होता, पुण्यात शिकवतो, जुन्या विहिरींवर संशोधन करतो. म्हणजे हाही डोकावणाराच.

पिळला कान. मनापासून पिळला. भटजी म्हणाले पुरे, तरी सुटेना. बिचारा लालेलाल झाला आणि रीतीप्रमाणे हसत म्हणाला, "सोडा दादा, काय हवं ते मागा."

मला जे हवं होतं ते त्याच्या शेजारच्या पाटावर बसून हसत होतं.

"शर्टपीस चालेल," मी म्हटलं.