आठवा गडी

मुंबईकडे जाणारी मेल सोलापूर स्टेशनात शिरली तेव्हा मला पोचवायला आलेली माणसं तीन भाषांत बोलत होती. तालमीतले माझे सोबती बहुतेक विणकरांच्या घरचे. त्यांची आपापसांत तेलुगूत माझ्या पेटीवरून थट्टा चालली होती. वडील शाळामास्तर, त्यांचं मराठी पुस्तकासारखं. आई आणि वडील दोघंही मूळचे वळसंगचे, मेंढरं राखणाऱ्या घरांतले. पण शिकून वडिलांची बोली बदलली, आईची अजून तीच आहे.

"तितं लई थंडी असती म्हणत्यात," आई खिडकीच्या गजाला धरून म्हणाली. "घोंगडं वरच ठिवलंय. लोक हसत्यात म्हणून लाजू नगंस, पांघर."

गाडी हलली तशी ती कानडीत एवढंच म्हणाली, "होगि बा." म्हणजे जाऊन ये.  वडिलांनी डब्याबरोबर चार पावलं टाकली आणि म्हणाले, "जिथं राहशील तिथल्या माणसांत जाऊन बस. दारात उभा राहू नकोस."

मुंबईत डॉक्टरी झाली होती आणि पुढची परीक्षा द्यायला मी विलायतेला निघालो होतो. दोन वर्षांत परत येतो, असं सगळ्यांना सांगून निघालो. आता तुम्ही, तालमीत मागं राहिलेले, भेटल्यावर विचारता की तिकडं एवढं काय सापडलं तुला. आणि माझ्यासारखेच बोटीत बसून मोंबासाला, रंगूनला गेलेले सोबती तर विचारतही नाहीत, कारण त्यांनाही हाच प्रश्न कुणीतरी विचारत असतो. दोघांसाठीही हे लिहितो आहे.

परीक्षा पास झाल्यावर मला वेल्समधल्या एका कोळशाच्या खाणीच्या गावी सहायक डॉक्टरची जागा मिळाली. डोंगराच्या दोन रांगांमध्ये अरुंद दरी, दरीत दगडी घरांच्या ओळी, वर सतत पाऊस. सोलापुरात आम्ही ढगाकडं डोळे लावून बसायचो. इथं दोन दिवस ऊन पडलं तर म्हाताऱ्या बायका काळजीत पडत. तिकडचे तरुण डॉक्टर या गावात टिकत नसत, म्हणून मला बोलावलं होतं. दवाखाना खाणकामगारांच्या वर्गणीवर चाले आणि डॉक्टर कोण ठेवायचा हे त्यांचीच कमिटी ठरवी. कमिटीचे अध्यक्ष मिस्टर प्रॉसर. खाणीत उमेदीची वर्षं घालवलेला, रुंद छातीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "एक हिवाळा काम करा. मग बघू."

वडिलांचं सांगणं आठवून मी माणसांत जाऊन बसलो. त्या गावात माणसं दोन ठिकाणी भेटत, देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, आणि रग्बीच्या मैदानावर. देऊळ त्यांचं होतं, तेव्हा मी मैदानावर गेलो. क्लबला शनिवारी कडेला उभा राहणारा डॉक्टर हवाच होता. कुणाचा खांदा निखळे, कुणाची भुवई फाटे.

हा खेळ तुम्ही कुणी पाहिलेला नाही, म्हणून थोडं सांगतो. एका बाजूला पंधरा गडी. त्यांतले आठ पुढचे, एकमेकांच्या खांद्यांत खांदे अडकवून समोरच्या आठांना रेटणारे, चेंडू हाती आला की तो घेऊन घुसणारे. बाकीचे सात मागचे, चेंडू हातात घेऊन पळणारे. चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडं टेकवला की गुण, म्हणून त्याआधीच पळणाऱ्याला धरून खाली पाडायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपली हुतूतूची माती आठवली. तोच घाम, तीच धरपकड. दम तेवढा कुणी घुमवत नव्हतं.

आमच्या तालमीचा हुतूतूचा संघ वडील निवडत, हे सोलापूरकरांना माहीत आहे. संघ अक्कलकोटला सामन्याला जायचा होता, तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. चढाईत माझा हात धरणारं कुणी नाही, असं मला वाटत होतं. वडिलांनी नावं वाचली आणि त्यांत माझं नाव नव्हतं. माझ्या जागी वळसंगचा एक मेंढपाळाचा मुलगा होता, ज्यानं आयुष्यात धड एक चढाई केली नव्हती. पण कुणाचा घोटा एकदा त्याच्या हातात आला की सुटत नसे. घरी आल्यावर मी जेवलो नाही. वडील शेजारी येऊन बसले.

"तू वाईट खेळत नाहीस," ते म्हणाले. "पण तुझ्यासारखे संघात तीन आहेत. त्याच्यासारखा एकही नाही."

तेव्हा मला ते सांत्वन वाटलं नाही. अक्कलकोटला आमचा संघ जिंकला, तेही मला फारसं आवडलं नाही.

तर त्या हिवाळ्यात वेल्सचा संघ स्कॉटलंडशी खेळणार होता. वेल्समध्ये ही गोष्ट किती मोठी असते ते सांगायचं तर, खाणीच्या पाळण्यातून खाली उतरतानाही माणसं संघाचंच बोलत. पुढच्या आठांपैकी सात गडी ठरल्यासारखेच होते. आठव्या जागेसाठी निवड समितीच्या डोळ्यांसमोर दोन नावं होती आणि दोन्ही आमच्याच गावची. एक ग्लिन, मिस्टर प्रॉसर यांचा मुलगा. उंचापुरा, देखणा. चेंडू काखेत मारून निघाला की तिघं-चौघं अंगाला लोंबकळत असले तरी पुढं जाई. पोरं रस्त्यात त्याच्यामागं धावत. दुसरा आयव्हर. अंगानं हलका, बोलायला लाजरा, केस आताच विरळ झालेले. त्याचं नाव सहसा कुणी ओरडत नसे, कारण तो कायम ढिगाच्या तळाशी असे. पण सामना संपल्यावर मी ज्यांना मलमपट्टी करी ते समोरच्या संघाचे गडी कण्हत एकच विचारत, "तो बुटका कोण?"

गावात दोन तट पडले. दवाखान्यात छाती तपासायला आलेला माणूस श्वास सोडता सोडता म्हणे, "ग्लिनच पाहिजे, डॉक्टर." पुढचा पेशंट आयव्हरच्या बाजूचा. मी नळी कानात घालून गप्प राही. माझा हिवाळा संपत आला होता आणि पुढच्याच आठवड्यात कमिटी माझा निकाल लावणार होती. परतीच्या बोटीची चौकशीही मी करून ठेवली होती.

अशात एका शनिवारी निवड समितीतले एक वृद्ध गृहस्थ सामना पाहायला आले. सामन्यानंतर क्लबच्या हॉलमध्ये चहा होता. चहा बाजूलाच राहिला आणि वाद पेटला. इंग्रजीत सुरू झालेला वाद हळूहळू वेल्श भाषेत गेला, जशी माझी आई चिडली की मराठीतून कानडीत जायची. मिस्टर प्रॉसर भिंतीशी उभे होते. मुलाच्या बाजूनं बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. पण त्यांचे डोळे प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडावर होते.

ते वृद्ध गृहस्थ शेवटी म्हणाले, "तुम्ही सगळे कुणाचे तरी शेजारी, कुणाचे तरी मामा. इथं असा कोण आहे, ज्याचं दोघांशीही नातं नाही?"

कुणीतरी मागून म्हणालं, "डॉक्टर आहेत की."

सगळे माझ्याकडं वळले. गृहस्थांनी मला निरखून विचारलं, "तुमच्या देशात हा खेळ खेळतात?"

"नाही," मी म्हणालो. "पण संघ निवडण्यावरून भांडतात."

हॉल हसला. त्या हशात मला सुटता आलं असतं. दोन्ही चांगले आहेत, असं सांगून खाली बसलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण गृहस्थ हसले नव्हते, ते उत्तराची वाट पाहत होते. मी मिस्टर प्रॉसर यांच्याकडं पाहिलं आणि बोलायला लागलो.

"ग्लिन जास्त ताकदवान आहे," मी म्हणालो. "दोघांची कुस्ती लावायची असेल तर ग्लिनलाच घ्या. पण तुम्ही निवडलेले सातही जण ग्लिनसारखेच आहेत. सगळे चेंडू घेऊन पुढं घुसणारे. चेंडू हातातून निसटला की जमिनीवर पडून तो परत कोण आणणार? स्कॉटलंडचे मागचे गडी वेगानं सुटले की त्यांच्या घोट्याला कोण हात घालणार? सात नांगरांना आठवा नांगर जोडून उपयोग नाही. मी आयव्हरला घेईन."

 गृहस्थांनी मान हलवली, कोट चढवला आणि आभार मानून निघून गेले. मिस्टर प्रॉसरही माझ्याकडं न पाहता बाहेर पडले. घरमालकीणबाईंनी वाढलेलं जेवण मला त्या संध्याकाळी गेलं नाही. आपण आपल्या हातानं आपली जागा घालवली, याबद्दल मला काही शंका उरली नव्हती. तरी एक सांगतो, जीव हलका होता.

चार-पाच दिवसांनी वर्तमानपत्रात संघ आला. आठव्या जागी आयव्हर होता. दुपारी दवाखान्यात सगळ्यांत शेवटी ग्लिन आला. त्याला काही दुखतखुपत नव्हतं. टोपी हातात धरून तो बाकावर बसला.

"डॉक्टर, माझं काय कमी पडलं?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "तुझ्यासारखे सात आहेत. त्याच्यासारखा एकही नव्हता."

मग मी त्याला अक्कलकोटच्या संघाची गोष्ट सांगितली. माझा बाप, माझी चढाई, मी न जेवता झोपलो ते. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"तुमच्या वडिलांनी स्वतःच्या मुलाला वगळलं?"

"हो."

"मग माझं सोपंच म्हणायचं," तो म्हणाला आणि आल्यापासून पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी मैदानावर तो आयव्हरवर धावून जाई आणि आयव्हर त्याला पाडण्याचा सराव करी. एवढ्या मोठ्या अंगाचा माणूस सरावाला दुसरा कुठून मिळणार होता?

कमिटीची बैठक झाली. मला बाहेर बसवलं होतं, पण दार पातळ होतं. कुणीतरी म्हणालं, माणूस चांगला आहे, पण परका आहे, उद्या जाईल. मग मिस्टर प्रॉसर यांचा आवाज आला. "त्यानं माझ्या तोंडावर माझ्या मुलाबद्दल खरं सांगितलं. आपली नोकरी माझ्या हातात आहे हे माहीत असताना सांगितलं. माझ्या छातीत कोळसा किती साचलाय, हे मला अशाच माणसाकडून ऐकायचंय." त्यानंतर हात वर झाले असावेत. दार उघडलं आणि त्यांनी स्वतः मला आत बोलावलं.

सामन्याला आम्ही सगळे कार्डिफला गेलो. मी ग्लिन आणि मिस्टर प्रॉसर यांच्या मध्ये उभा होतो. आजूबाजूला हजारो माणसं एका सुरात गात होती, आणि ती काही गाणं शिकलेली माणसं नव्हती, खाणीतून वर आलेली होती. शेवटी शेवटी वेल्स जेमतेम पुढं असताना स्कॉटलंडचा एक गडी कडेनं सुटला. त्याच्यापुढं मोकळं मैदान होतं. आमचे मोठे गडी मागं धापा टाकत राहिले. तेवढ्यात कुठून तरी आयव्हर आडवा झेपावला. त्याचे दोन्ही हात त्या गड्याच्या घोट्यांभोवती बसले आणि दोघंही चिखलात घसरत गेले. रेषा अगदी हाताच्या अंतरावर राहिली. वेल्स जिंकलं. ग्लिनचा आवाज ओरडून बसला होता. मिस्टर प्रॉसर यांनी माझ्या पाठीवर जी थाप मारली तिनं माझी टोपी पुढच्या माणसावर पडली.

मी सगळं सविस्तर घरी लिहिलं. वडिलांनी ते तालमीत सगळ्यांना वाचून दाखवलं, असं नंतर कळलं. उत्तराच्या पत्रात त्यांनी ना माझ्या नोकरीबद्दल विचारलं, ना वेल्सच्या विजयाबद्दल. त्यांनी विचारलं, "त्या वगळलेल्या मुलाचं पुढं काय झालं?" तेव्हा मला उमगलं की अक्कलकोटला जाणारा तो संघ निवडल्यावर हा माणूस माझ्याइतकाच उपाशी झोपला असेल. पुढच्या मोसमात एका जुन्या गड्यानं खेळ सोडला आणि ग्लिन वेल्सकडून खेळला, आयव्हरच्या शेजारी खांदा लावून. हे वडिलांना कळवताना मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा स्वतःच्या पदवीचाही वाटला नव्हता.

मध्यंतरी मी सोलापूरला येऊन गेलो. तुम्ही हार घातलात, तालमीत खुर्ची दिलीत. वडील थकले आहेत, आईनं माझ्या अंगाकडं बघून "वाळलास की रं" म्हटलं. तालमीतली नवी पोरं संघ निवडत होती. मला वाटलं, आपल्यालाही दोन शब्द विचारतील. पण ती पाहुण्यासमोर भांडायला लाजली आणि बाहेर जाऊन भांडली. मी खुर्चीवर चहा पीत बसलो. वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगू. बरंही वाटलं, कारण बाहेरून येणारा आरडाओरडा ऐकताना कळत होतं की वडिलांच्या मागंही हे काम नीट चालणार आहे.

इकडं परत आलो. आता मी गावच्या क्लबच्या निवड कमिटीत आहे. गेल्या आठवड्यात असाच वाद झाला. मी ज्याच्या बाजूनं होतो तो मुलगा कुणालाच नको होता. मिस्टर प्रॉसर टेबलावर मूठ आपटून मला वेल्शमध्ये काहीतरी सुनावत होते. मला ती भाषा पुरती येत नाही, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मीही उभा राहिलो आणि तोंडून निघून गेलं, "तुमाला काय बी कळत न्हाय, लई हेकेखोर हाय तुमी." माझ्या आईच्या बोलीत, जशीच्या तशी. टेबलाभोवती कुणी चमकलं नाही, हसलं नाही, काय म्हणालात म्हणून विचारलं नाही. मिस्टर प्रॉसर यांनी श्वास घेतला आणि त्याला वेल्शमध्ये उत्तर दिलं. वाद पुढं चालू राहिला.