दक्षिणेकडे तोंड केलेला बार्बेरियन

आमचे हे काशीला ब्रह्मा घाटावरचे पुरोहित. महाराष्ट्रातून येणाऱ्यांची श्राद्धं, पिंडदान, हीच आमची रोजीरोटी. असा माणूस साठीच्या तोंडावर कॉम्प्युटरवर राक्षस मारायला बसेल, असं लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी आणखी एखादं स्थळ बघितलं असतं.

कारण आमचा मुलगा. नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि फोनवरचं त्याचं बोलणं आटलं. "जेवलास का?" "हो." "तब्येत?" "ठीक." संपलं. ह्यांना ते फार लागायचं. दाखवायचे नाहीत, पण फोन ठेवला की घासलेलंच पळी-पंचपात्र पुन्हा घासत बसायचे. दिवाळीला आला तेव्हा त्याने जुना लॅपटॉप इथे ठेवला, त्यात एक लढाईचा गेम घालून दिला आणि म्हणाला, "बाबा, रविवारी दुपारी एकत्र खेळू. माझे दोन दोस्तही असतात." तेव्हापासून यजमान कितीही मोठा असो, रविवारची दुपार त्याला मिळेना.

गेममध्ये आधी आपलं पात्र निवडायचं. ह्यांनी बार्बेरियन निवडला. उघडाबंब, दाढीवाला, हातात कुऱ्हाड. "ह्याच्या अंगावर जानवं नाही," एवढीच तक्रार. खरं तर बार्बेरियन म्हणजे कुऱ्हाड परजत स्वतः घुसणारा गडी. पण त्याच्या विद्यांमध्ये एक अशी होती की त्याने आरोळी ठोकली की तीन पूर्वज प्रकट होतात आणि त्याच्यासाठी लढतात. तीन! ह्यांचे डोळे चमकले. बाप, आजा, पणजा. "कुणा जाणकाराने केलाय हा गेम," म्हणाले, आणि मिळालेले सगळे पॉइंट त्या एका विद्येवर ओतून मोकळे झाले. कुऱ्हाड नुसती शोभेला.

"बाबा, असा बार्बेरियन कोणी नाही बनवत," मुलगा कळवळून म्हणाला.

"मग आपण बनवू."

इथपर्यंतही ठीक होतं. पण पितरांना बोलवायचं ते दक्षिणेकडे तोंड करून, हे ह्यांच्या हाडात भिनलेलं. समोर उत्तरेकडून राक्षस आग ओकत येतोय आणि आमचा बार्बेरियन शांतपणे त्याला पाठ दाखवतो, नकाशात खालच्या बाजूला तोंड करतो, आणि मग आरोळी. लॅपटॉपमधून मुलाचे दोस्त ओरडायचे, "अंकल, पीछे! पीछे देखिए!" अंकल कसले बघतात!

दुसरं त्याहून भारी. बोलावलेले पूर्वज थोडा वेळ थांबतात, मग आपोआप विरून जातात. एक राक्षस मेला की बाकीचे पुढच्या गुहेकडे पळत सुटायचे. हे मात्र जागचे हलायचे नाहीत.

"अहो, जा की! ती पोरं पुढे गेली!" मी ओट्यापासून ओरडायची.

"आलेल्यांना उभं टाकून जाऊ? जेवायला तर घातलं नाहीच, निरोप तरी धड देऊ दे."

पूर्वज विरेपर्यंत बार्बेरियन त्यांच्यासमोर हात बांधून उभा. तोवर तिकडे गुहेत पोरांचा निकाल लागलेला असायचा.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका रविवारी मुलगा घुटमळत म्हणाला, "बाबा, ते दोघं म्हणतात अंकलनी बिल्ड बदलावा, पॉइंट दुसऱ्या विद्येवर टाकावेत. गरगर फिरत कुऱ्हाड चालवणारा करा ना. त्याला कुणाची जरूरत नसते. नाहीतर आम्हाला... म्हणजे, ते दुसरा कुणीतरी बघतील."

ह्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता वाद घालतील. काशीत राहून वाद न घालणारा शास्त्री मी अजून पाहिलेला नाही. पण ह्यांनी सगळे पॉइंट कुऱ्हाडीवर फिरवले. आठवडाभर संध्येनंतर त्या गरगरणाऱ्या बार्बेरियनचा सराव करत बसले. मध्येच माकडांनी इंटरनेटची वायर तोडली, तर स्वतः काठी घेऊन गच्चीवर पहारा दिला. रविवार हातचा जायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. ज्या माणसाने श्राद्धात यजमानाला कधी दर्भाची एक काडी माफ केली नाही, तो पोरासाठी पितर सोडायला निघाला होता.

रविवारी गेम उघडला, तर मुलगा एकटाच.

"दोस्त कुठेत तुझे?"

"आज आपण दोघंच, बाबा."

"मी बदललाय हं बिल्ड. बघ, कसा फिरतो."

मुलाने दोन गिरक्या बघितल्या. मग म्हणाला, "परत पहिल्यासारखा करा. हा तुमच्यासारखा नाही वाटत."

हे असे काही खुलले की मला म्हणे चहा कर, आलं घालून. मग पुन्हा दक्षिण, पुन्हा आरोळी, तीन पूर्वज हजर. राक्षस पडला. सवयीने मुलाचा धनुष्यवाला पुढे धावला, थबकला, आणि मागे येऊन बार्बेरियनच्या शेजारी उभा राहिला. काम काहीच नाही, नुसते उभे. मी चहाचे कप घेऊन आले तरी दोघं गप्पच. मला वाटलं, गेली पुन्हा वायर.

तेवढ्यात लॅपटॉपमधून मुलाचा आवाज आला, अगदी बारीक. "बाबा, मला इथे करमत नाही हो. बिलकुल करमत नाही."

पूर्वज केव्हाच विरून गेले होते. ह्यांनी माऊसवरचा हात काढला आणि लॅपटॉप जवळ ओढून घेतला.

"सांग," म्हणाले. "मला कुठे जायचंय?"